परक्या झेंड्याखाली लढलेले आपले लोक

ऋण आणि स्मरण : लेखांक सहावा

पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी बसवलेल्या संगमरवरी पाट्यांचा विचार आपण गेल्या आठवड्यात केला. गावातून इतके पुरुष लढाईवर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यांवरचा मजकूर. नाव एकाचेही नाही. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या पिढीची गोष्ट याहून कठीण आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेली नावे पहिल्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या अफगाण लढाईतली आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झालेले राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे ते स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्यांचे. देश जिथे मान झुकवतो त्या या दोन जागांच्या मधोमध १९३९ ते १९४५ ही सहा वर्षे निसटून गेली आहेत. दिल्लीच्या युद्ध दफनभूमीत या काळातल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे, पण ते राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने उभारलेले आणि सांभाळलेले. आपल्या सार्वजनिक जीवनात त्याला स्थान नाही. परक्या झेंड्याखाली लढलेल्या त्या पिढीचे आपल्यावर ऋण आहे आणि ते मान्य केल्याने आपल्या स्वातंत्र्यलढ्याला जराही उणेपणा येत नाही, हे या लेखांकाचे प्रतिपादन आहे.

आधी त्या पिढीचा आवाका पाहू. १९३९ साली सुमारे दोन लाख असलेले भारतीय सैन्य १९४५ पर्यंत जवळपास पंचवीस लाखांवर गेले, आणि तेही सक्तीच्या भरतीचा कायदा नसताना. त्यांतले सुमारे सत्त्याऐंशी हजार परतले नाहीत. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, नगर, कोल्हापूर या मुलुखातली मुले मराठा पलटणींमधून कुठे कुठे गेली याचा माग काढला, तर निम्मे जग ओलांडावे लागते. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरनच्या डोंगरकड्यांवर ती इटालियन फौजेशी लढली. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा मराठ्यांची दुसरी पलटण शत्रूच्या कैदेत गेली. मार्च १९४४ मध्ये चौथ्या पलटणीने मणिपुरातल्या संगशाक येथे छत्रीधारी ब्रिगेडबरोबर पाय रोवले आणि कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकड्यांचे मोलाचे दिवस खर्ची पाडले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सोबतचे जवळजवळ सगळे पडले, तेव्हा माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा तरुण एकटा त्या मोर्चावर धावून गेला. हातबॉम्बने त्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, गोळ्या भरायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले, आणि मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून आणि नदीच्या पाण्यातून जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आणले, पुन्हा पलीकडे जाऊन शत्रूचे मोर्चे एकट्याने निकामी केले, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या पराक्रमाची कृतज्ञ नोंद आज कोण ठेवते? जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या पेरुजा प्रांतातल्या मोन्तोने या छोट्या गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाचे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले, ५,७८२ जणांनी प्राण दिले. मोन्तोनेच्या लोकांनी हे सैनिक कोणत्या राजाचे मीठ खात होते, याची चौकशी केली नाही. त्या लढाईच्या तीनच वर्षे आधी केरनला भारतीय आणि इटालियन एकमेकांवर गोळ्या झाडत होते, तेही त्यांनी आड येऊ दिले नाही. आपल्या दरीतून नाझी फौज हटली आणि ती हटवताना दूरच्या देशातली मुले मेली, एवढे त्यांना पुरेसे वाटले. कृतज्ञतेची कसोटी इथे स्पष्ट होते. माणसाला सन्मान देताना त्याचा हेतू आणि त्याच्या धन्याचा हेतू तपासला जातो, आणि ते योग्यही आहे. पण ऋण मान्य करताना आपल्याला काय मिळाले आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढेच दोन प्रश्न असतात.

यावर पहिला आक्षेप असा, की इटलीला मिळाले ते मिळाले, आपल्याला काय मिळाले? या प्रश्नाचे उत्तर अंदमानात सापडते. मार्च १९४२ मध्ये जपानने ती बेटे घेतली. पुढची साडेतीन वर्षे तिथल्या भारतीयांनी जे भोगले त्याची नोंद आहे. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले अध्यक्ष डॉ. दिवाणसिंग यांचा जानेवारी १९४४ मध्ये कैदेतल्या छळाने अंत झाला. ३० जानेवारीला होमफ्रेगंज येथे चव्वेचाळीस जणांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या गेल्या. हे लोक इंग्रजांचे हस्तक नव्हते, त्यांतले बरेचसे त्याच लीगचे कार्यकर्ते होते. भारताच्या भूमीवर जपानी लष्करी अंमल कसा असेल, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे. इम्फाळ आणि कोहिमा पडले असते तर आसाम आणि बंगालच्या वाट्याला यापेक्षा वेगळे काही आले असते, असे मानायला आधार नाही. त्याच मोहिमेत जपान्यांच्या बरोबर आझाद हिंद सेनेचे जवानही होते, आणि त्यांची स्वातंत्र्याची आस शंभर नंबरी होती, हे इथे विसरता येत नाही. पण त्यांची निष्ठा मान्य करणे आणि जपानी लष्कराच्या राज्यापासून आपण वाचलो हे मान्य करणे, या दोन गोष्टी एका मनात सुखाने राहू शकतात. सत्य एकाच फळीत उभे असते, असा काही नियम नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा. ही मुले पगारासाठी गेली, मग ऋण कसले, असे विचारले जाते. गरिबीने त्यांना भरतीच्या रांगेत उभे केले, हे बहुतेकांच्या बाबतीत खरेच आहे. कोकणातली वरकस जमीन आणि माणदेशातला दुष्काळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेला माणसे पुरवली. पण पगार माणसाला छावणीपर्यंत नेतो, जखमी साथीदाराला उचलून आणायला दुसऱ्यांदा नदीत उतरवत नाही. शिवाय पोटासाठी केलेल्या कामाचे ऋण नसते, असे म्हटले तर शिक्षक, परिचारिका, अग्निशामक जवान कुणाचेच ऋण उरत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना सहासष्ट अग्निशामक जवान गेले. तेही पगारी नोकर होते, सरकारही इंग्रजांचेच होते. तरी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आपण देशभर पाळतो, आणि ते अगदी उचित आहे. त्याच युद्धात सीमेवर मेलेल्यांना वेगळा न्याय लावण्याचे कारण दिसत नाही. आणि पोटापलीकडचे हेतूही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाला फौजेची दारे बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभी केलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. सुभेदाराचे पुत्र असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्यासाठी सतत आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यात भरती झालेल्या तरुणांना बंदुकीबरोबर नाकारलेली प्रतिष्ठाही मिळवायची होती.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय पुढाऱ्याला न विचारता भारताला युद्धात ओढले. १९४२ चे आंदोलन चिरडायला लष्कर वापरले गेले. युद्धकाळातच बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. अशा राजवटीच्या सैनिकांचे स्मरण म्हणजे त्या राजवटीचे उदात्तीकरण नव्हे काय? हे तीनही आरोप खरे आहेत, पण ते ज्यांनी निर्णय घेतले त्यांच्यावरचे आहेत. युद्ध कुठे करायचे, धान्य कुठे पाठवायचे, गोळीबाराचा हुकूम कधी द्यायचा, यांपैकी एकही निर्णय नाईक किंवा शिपाई या हुद्द्याच्या माणसाच्या हाती नव्हता. साताऱ्याकडे पाहिले तर हे अधिक उमगते. ज्या जिल्ह्याने पलटणींना माणसे दिली, त्याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. आफ्रिकेत आणि इटलीत लढणारे जवान आणि इथे भूमिगत झालेले क्रांतिकारक एकाच मातीतले, एकाच पिढीचे होते. आणि युद्ध संपताच या दोन प्रवाहांमधले अंतर किती कमी होते तेही दिसले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत तलवार या नाविक तळावर उठाव झाला आणि बघता बघता सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले. हे महायुद्धात साम्राज्याच्या बाजूने लढलेलेच नौसैनिक होते. जी फौज आपल्या हाती राहील याची खात्री इंग्रजांना उरली नाही, ती फौज याच पिढीची होती.

त्या पिढीने स्वतंत्र भारताला दिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे तयार सैन्य. युद्धाच्या सुरुवातीला काहीशे असलेले भारतीय अधिकारी अखेरीस आठ हजारांवर गेले होते. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातल्या कांगॉच्या लढाईत एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत सेन काश्मीरमध्ये शालटेंगला हल्लेखोरांना अडवत होते. थिमय्यांनी १९४८ मध्ये जोझिला खिंड मोकळी केली, तर थोरात १९५३ मध्ये कोरियातल्या भारतीय दलाचे प्रमुख झाले. १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर आक्रमण झाले तेव्हा नवे सैन्य शिकवून तयार करायला सवड नव्हती. शिकलेले सैन्य हाताशी होते, आणि त्या शिक्षणाची किंमत केरनपासून इम्फाळपर्यंत मोजली गेली होती.

शेवटचा आक्षेप युद्धाच्या गौरवाचा. स्मरणातून पुढच्या पिढीला लढाईची गोडी लागेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच स्मरण विजयांच्या यादीपेक्षा माणसांच्या यादीने व्हावे. त्यात शौर्यपदक मिळवणाऱ्यांइतकेच तोब्रुकला कैद झालेले, आजाराने गेलेले आणि जायबंदी होऊन गावी परतलेले असावेत. हे काम कठीण नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत आणि त्यांत अनेक ठिकाणी सैनिकाच्या वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. रंगूनच्या स्मारकावर जवळपास सत्तावीस हजार नावे आहेत. कासिनोच्या स्मारकावर यशवंत घाडगे यांचे नाव आहे. प्रत्येक तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेने आपल्या भागातली नावे शोधून देवनागरीत लिहून काढली आणि ग्रामपंचायतीने ती चावडीवर लावली, तर काही वर्षांत महाराष्ट्राची यादी पुरी होईल. राष्ट्रीय स्मारकात या सहा वर्षांना जागा मिळावी, ही मागणीही मग पुराव्यासह करता येईल. साम्राज्याने या माणसांना आकड्यांत मोजले. स्वतंत्र झालेल्या देशाने त्यांना नावाने ओळखावे, एवढी कृतज्ञता आपल्याला नक्कीच परवडणारी आहे.

पुढील लेखांकात : मनिऑर्डरीवर चाललेली घरे, आणि युद्धकाळात मागे राहून शेती आणि संसार ओढणाऱ्या स्त्रिया.