झरा, भुयार आणि कबर : यरुशलेमच्या यात्रेतील काळाचे मोजमाप

यरुशलेममध्ये एकच दिवस हाताशी असलेला ख्रिस्ती यात्रेकरू, मग तो वसईचा असो की रोमचा, सहसा सकाळी जुन्या शहराच्या दक्षिण उतारावरील गीहोन झरा, तेथून निघणारे भुयार आणि शिलोहचे तळे पाहतो, आणि दुपारनंतर तटबंदीच्या आतील पवित्र कबरीच्या चर्चकडे वळतो. ही ठिकाणे परस्परांपासून पायी जाण्याच्या अंतरावर असली, तरी त्यांमध्ये काळाचे अंतर फार मोठे आहे; भुयाराचा संबंध इ.स.पू. आठव्या शतकातील हिज्कीया राजाशी जोडला जातो, तर चर्चचा पाया रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ.स. चौथ्या शतकात घातला. इ.स. ३३३ मध्ये आजच्या फ्रान्समधील बोर्डो येथून आलेल्या एका यात्रेकरूने, ज्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, शिलोहचे तळे आणि कॉन्स्टंटाइनची नवी वास्तू या दोहोंची नोंद करून ठेवली आहे. त्याच्या आणि आजच्या यात्रेकरूच्या दर्शनात मुख्य फरक पडला तो गेल्या काही दशकांत, कारण या दगडांचे, गिलाव्याचे आणि चुन्याचे वय आता प्रयोगशाळेत मोजले जाऊ लागले आहे. मात्र कालमापनाची प्रत्येक पद्धत एका विशिष्ट घटनेचा काळ सांगते, संपूर्ण स्थळाचा नव्हे. आणि बायबलमधील स्थळांविषयी जे उलटसुलट दावे केले जातात, त्यांतील बहुतेक गोंधळ ही गोष्ट दृष्टीआड झाल्याने होतो.

गीहोन हा चुनखडकातील झरा आहे. अशा खडकात पावसाचे पाणी भेगांतून झिरपते, खडक विरघळवत पोकळ्या तयार करते आणि उतारावर एखाद्या ठिकाणी बाहेर पडते. प्राचीन यरुशलेमचे सारे अस्तित्व या झऱ्यावर अवलंबून होते, पण तो किद्रोन दरीच्या कडेला, म्हणजे वेढा पडल्यास शत्रूच्या आवाक्यात येणाऱ्या जागी होता. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली, आणि हिज्कीयाने झऱ्याचे पाणी शहरात वळवले असे ‘दुसरे राजे’ व ‘दुसरे इतिहास’ या बायबलमधील दोन्ही ग्रंथांत नमूद आहे. यात्रेकरू आज ज्या भुयारातून गुडघाभर पाण्यात, हातात विजेरी धरून चालतो, त्याची लांबी सुमारे ५३३ मीटर आहे, आणि एवढ्या अंतरात त्याचा तळ जेमतेम ३० सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. होकायंत्र किंवा आधुनिक पातळीयंत्र नसलेल्या काळात दोन तुकड्यांनी दोन टोकांकडून खोदत येऊन डोंगराच्या पोटात एकमेकींना गाठावे, आणि पाणी तरीही वाहते राहावे, हे स्थापत्याच्या इतिहासातील अतिशय धाडसी काम म्हणावे लागेल.

या भेटीचे वर्णन खुद्द भुयाराच्या भिंतीवर कोरलेले होते. १८८० मध्ये सापडलेला हा प्राचीन हिब्रू लिपीतील सहा ओळींचा लेख पुढे खडकातून कापून काढण्यात आला, आणि यरुशलेम तेव्हा उस्मानी साम्राज्यात असल्यामुळे तो आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. थोडाच खडक उरला असताना पलीकडच्या माणसांचा आवाज ऐकू आला, असे तो सांगतो; भुयाराच्या मधल्या भागात खोदणाऱ्यांनी वारंवार दिशा बदलल्याच्या खुणा आजही दिसतात. मग इतक्या नागमोडी वाटेने येऊन ते भेटले कसे? भूवैज्ञानिक डॅन गिल यांच्या मते खोदणाऱ्यांनी खडकातील नैसर्गिक जलमार्गाचा माग धरला, तर आमोस फ्रुमकिन आणि आर्ये शिम्रोन यांना असा सलग मार्ग आढळला नाही आणि डोंगरमाथ्यावरून घणाचे ठोके देऊन खालच्या तुकड्यांना दिशा दाखवली गेली असावी, असे त्यांनी मांडले. दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते, कारण भेटीच्या जागेजवळची चाचपडणूक आवाजाच्या मागे जाणाऱ्या माणसांचीच असावी असे दिसते.

लेखात राजाचे नाव मात्र नाही. अक्षरांच्या वळणावरून तो आठव्या शतकाचा मानला जात असला, तरी १९९६ मध्ये दोन अभ्यासकांनी हे भुयार हिज्कीयानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी खोदले गेले असावे असे प्रतिपादन केले, आणि त्या वादाला मोजमापाचा आधार मिळाला तो २००३ मध्ये, फ्रुमकिन, शिम्रोन आणि जेफ रोझेनबाम यांच्या ‘नेचर’मधील शोधनिबंधाने. भुयाराच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवर त्यांनी रेडिओकार्बन पद्धत वापरली. वनस्पती जिवंत असेपर्यंत हवेतील कार्बन घेत राहते. ती मेल्यावर तिच्यातील किरणोत्सारी कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो, आणि उरलेल्या प्रमाणावरून मृत्यूचा काळ काढता येतो. अडचण अशी की इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वातावरणातील कार्बन-१४ अशा रीतीने बदलत गेला की त्या काळातील वेगवेगळ्या शतकांच्या नमुन्यांची मापे जवळजवळ सारखीच येतात. म्हणून दुसरी, स्वतंत्र पद्धत आवश्यक होती. भुयाराच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरात पाण्याबरोबर युरेनियम येते, थोरियम येत नाही, कारण थोरियम पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे झुंबरात सापडणारे थोरियम हे तेथेच युरेनियमच्या क्षयातून तयार झालेले असते आणि त्याच्या प्रमाणावरून थराचे वय कळते. छत खोदल्यावरच झुंबर लोंबू शकते, तेव्हा त्याचे वय ही भुयाराच्या वयाची किमान मर्यादा ठरते. झुंबर इ.स.पू. ४०० च्या आसपासचे, आणि गिलाव्यातील वनस्पती आठव्या शतकाच्या सुमाराची निघाली, त्यामुळे फार उशिराच्या काळाचा पर्याय मागे पडला. भुयार हिज्कीयाच्या आधी काही दशके खोदले गेले असावे असे मानणारे पुरातत्त्वज्ञ अजूनही आहेत, आणि त्यांचा आक्षेप अवाजवी नाही, कारण या पद्धती शतक सांगतात, राजा सांगत नाहीत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिलोहजवळच्या प्राचीन बांधाच्या गिलाव्यातील काडीकचऱ्याचा काळ इ.स.पू. ८०५ ते ७९५ असा निघाला. म्हणजे या दरीत पाणी अडवण्याची मोठी कामे हिज्कीयाच्या आधीच सुरू झाली होती.

भुयार जेथे संपते तेथील लहान तळे बायझंटाइन काळातील असून शतकानुशतके यात्रेकरू त्यालाच शिलोह समजून नमस्कार करीत आले. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने जन्मांध माणसाला जेथे डोळे धुवायला पाठवले, त्या काळचे तळे २००४ मध्ये सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना थोड्या अंतरावर उघडे पडले. रॉनी राइख आणि एली शुक्रोन यांना तेथे पाच-पाचच्या गटांत रचलेल्या दगडी पायऱ्या मिळाल्या. येथे कालमापनाचे काम नाण्यांनी केले : पहिल्या टप्प्याच्या गिलाव्यात हास्मोनी राजा अलेक्झांडर यन्नय याची नाणी होती, म्हणून तो गिलावा त्याच्या आधीचा असू शकत नाही, आणि तळ्यात साचलेल्या गाळातील नाणी रोमविरुद्धच्या इ.स. ६६ ते ७० च्या बंडाच्या वर्षांची होती, म्हणून तळ्याचा वापर त्या सुमारास थांबला. येशूचा काळ या दोन मर्यादांच्या मध्ये बसतो. हा परिसर सिल्वान या पॅलेस्टिनी वस्तीत आहे, आणि लोकांच्या घरांखाली व घरांभोवती चालणाऱ्या उत्खननाविषयी तेथील रहिवाशांची तक्रार तीव्र आहे. बायबलच्या इतिहासासाठी आलेल्या पाहुण्याने तीही ऐकायला हवी.

उत्तरेकडील बेथेस्दा तळ्याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. योहानाने उल्लेखिलेल्या तेथील पाच पडव्या काही अभ्यासकांना प्रतीकात्मक वाटत, पण उत्खननात मधल्या भिंतीने विभागलेले जोडतळे सापडले, आणि चार बाजू व मधली भिंत असा पाचाचा हिशेब सरळ जुळला.

पवित्र कबरीच्या चर्चमध्ये प्रश्न अधिक नाजूक होतो. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या आज्ञेने हे चर्च पाडण्यात आले. त्यानंतर ते पुन्हा उभारले गेले, क्रुसेडच्या काळात विस्तारले, १८०८ च्या आगीत भाजून निघाले. इतक्या मोडतोडीनंतर कबरीवरचे देवघर कॉन्स्टंटाइनच्याच जागी राहिले असेल का, ही शंका स्वाभाविक होती. २०१६ मध्ये अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्र विद्यापीठाच्या पथकाने, अँटोनिया मोरोपुलू यांच्या नेतृत्वाखाली, ओलाव्याने खिळखिळ्या झालेल्या या देवघराची दुरुस्ती हाती घेतली आणि काही तासांपुरते वरचे संगमरवर सरकवले. त्याखाली क्रूस कोरलेली आणखी एक भंगलेली फरशी आणि मूळ खडकातील दफनशय्या दिसली. त्या फरशीखालील चुन्याचे वय प्रकाशप्रेरित दीप्तीच्या पद्धतीने मोजले गेले. चुन्यातील वाळूच्या क्वार्ट्झ कणांत परिसरातील नैसर्गिक किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते आणि उजेड लागताच ती मोकळी होते. कण चुन्यात बंद झाला की हिशेब शून्यापासून सुरू होतो, आणि प्रयोगशाळेत प्रकाश टाकल्यावर तो जेवढा उजळतो त्यावरून त्याने शेवटचा उजेड कधी पाहिला हे समजते. उत्तर इ.स. ३४५ च्या आसपासचे आले. इतर ठिकाणचे काही नमुने मध्ययुगीन डागडुजीचे निघाले.

या आकड्याचे मोल मोठे आहे. १००९ चा विध्वंस कबरीच्या तळापर्यंत पोहोचला नव्हता, आणि आजचे देवघर चौथ्या शतकातील ख्रिस्ती लोक ज्या कबरीला पूज्य मानीत तिच्यावरच आहे, एवढे त्याने पक्के केले. कॉन्स्टंटाइनच्या माणसांनी निवडलेली कबर कोणाची, याविषयी चुना काही सांगू शकत नाही. तेथे युक्तिवाद भूगोलाचा आहे, कारण त्याच चर्चमध्ये खडकात कोरलेल्या आणखी ज्यू कबरी आहेत, आणि दफन शहराबाहेर होत असल्याने ही जागा येशूच्या काळी तटाबाहेर असली पाहिजे. हेरोद अग्रिप्पा याने तट पुढे वाढवला तो त्यानंतर.

२०२२ पासून रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाचे पथक चर्चच्या फरशीखाली, यात्रा थांबू नये म्हणून टप्प्याटप्प्याने, खोदत आहे. जुन्या खाणीच्या थरांवर नंतर शेतीची माती आली होती आणि तिच्यात ऑलिव्ह व द्राक्षवेलीच्या खुणा मिळाल्या, ज्यामुळे योहानाने उल्लेखिलेल्या बागेची चर्चा पुन्हा रंगली. त्याच वास्तूच्या खालच्या भागात, संत हेलेनाच्या चॅपेलमध्ये, भिंती हजारो छोट्या क्रूसांनी भरलेल्या आहेत, आणि ते प्रत्येक यात्रेकरूने स्वतः कोरले असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. पुरातत्त्वज्ञ अमित रेएम आणि प्रतिमातज्ज्ञ मोशे केन यांनी या भिंतींच्या त्रिमितीय प्रतिमा तयार करून छिन्नीच्या खुणा तपासल्या, तेव्हा खोली आणि धाटणी यांत इतके साम्य आढळले की मोजक्या सराईत हातांनीच हे कोरीवकाम केले असावे. दूरदेशीचा यात्रेकरू बहुधा तेथल्या कारागिराला मोबदला देऊन आपल्या नावाचा किंवा घरच्या माणसांच्या नावाचा क्रूस कोरवून घेत असे.