मनाच्या जखमेचा पुरावा

न्यू टाउनच्या उंच इमारतींतील कित्येक घरांत आता वृद्ध आई-वडीलच राहतात. मुले-मुली परदेशी असतात. निवृत्तीनंतर येथे राहू लागल्यापासून त्या परदेशवासाची कौतुके मी पुष्कळ ऐकली. मोडलेल्या संसाराची हकिकत मात्र दबक्या आवाजात सांगितली जाते: मुलगी परत आली आहे, फारशी बोलत नाही. अंगावरचे वळ तोवर मिटलेले असतात. मग छळाचा पुरावा कोणता?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला १८९० ची फुलमणी दासी आठवते. याच कलकत्त्यात ती अल्पवयीन पत्नी पतीच्या बळजबरीने मरण पावली आणि पुढल्या वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. कायद्याचे डोळे उघडण्यासाठी त्या काळी मृत्यू घडावा लागला. १९८३ मध्ये दंडसंहितेत आलेल्या ४९८-अ कलमाने मानसिक आरोग्यास होणारी गंभीर इजाही क्रूरतेत मोजली. ९ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी खटल्यात आणखी एक पाऊल टाकले. सासरच्या छळाचे माहेरी भोगावे लागणारे मानसिक परिणाम हीसुद्धा क्रूरताच होय. म्हणून जिथे आश्रय घेतला, तिथे तक्रार करता येते. मनाची जखम स्त्रीबरोबर प्रवास करते, हे न्यायालयाने मान्य केले.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पीडित पत्नीला पतीवर विसंबून न राहता वास्तव्याचा अर्ज करण्याची वाट दिली. तिथे मानसशास्त्रज्ञाचा अहवाल पुरावा म्हणून जोडता येतो. एच-१बी व्हिसाधारकाच्या पत्नीला मात्र ही वाट खुली नाही, आणि आपल्याकडच्या अनेक नववधू याच वर्गातल्या असतात.

असा अहवाल काय करतो? भयाने ग्रासलेल्या स्मृतीत तारखा पुढेमागे होतात, प्रसंग तुटक आठवतात. तपास अधिकाऱ्याला ती लबाडी वाटते. जाणकार मानसशास्त्रज्ञ तो आघाताचा परिणाम असल्याचे दाखवून देतो. मात्र त्यासाठी प्रश्न तिच्या भाषेत हवेत. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी स्त्री ‘झोप लागत नाही, छातीत धडधडते, दाराची बेल वाजली की जीव घाबरा होतो’ असे सहज सांगते. दुभाषी म्हणून पतीचा नातलग किंवा स्नेही मुळीच नको.

याला एक धोक्याची बाजूही आहे. हिंदू विवाह कायद्यात गंभीर मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. अहवालात केवळ रोगाचे नाव लिहिले, त्याचे कारण लिहिले नाही, तर तोच कागद तिला वेडी ठरवण्यास किंवा तिचे मूल हिरावून घेण्यास वापरला जाऊ शकतो. म्हणून मूल्यमापन तिच्या शहाणपणाचे नव्हे, तिच्यावर झालेल्या आघाताचे असावे.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने उभारलेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातच समुपदेशनाचा मार्ग घालून दिला. २०१५ पासूनच्या ‘सखी’ केंद्रांतही मनोसामाजिक समुपदेशनाची तरतूद आहे. तिथे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, स्त्रीच्या भाषेतील मुलाखत आणि तिच्या संमतीनेच दिला जाणारा लेखी अहवाल, या तीन गोष्टींची जोड मिळायला हवी. परत आलेल्या मुलीचे मौन ही घराण्याची बेअब्रू नव्हे. ती ऐकून घेण्याजोगी साक्ष आहे.