कपामागचे चार आणे

एक किलो चहा पावडर करायला साधारण साडेचार किलो ओली पानं लागतात. किलोभर पावडरीत चारशे कप होतात असं धरू. आसामातल्या छोट्या बागवाल्याला पानांचे किलोमागे २० रुपये मिळाले, तर कपामागे त्याच्या वाट्याला साडेबावीस पैसे आले. चार आणेसुद्धा नाहीत! खुडणी, खत आणि फवारणीचा खर्चही त्यातूनच जायचा. आणि वीसच्या खाली भाव गेलेले हंगामही त्याने पाहिलेत.

परसातला चहा

चहा म्हटला की कंपनीचे मळे आणि साहेबाचा बंगला डोळ्यांपुढे येतो. पण आज भारतातला निम्म्याहून जास्त चहा छोट्या शेतकऱ्यांच्या पानांपासून होतो. २५ एकरांपर्यंतची बाग सरकारी व्याख्येत ‘छोटी’. प्रत्यक्षात अनेकांकडे चार-पाच बिघेच असतात, घरामागे, सुपारीच्या झाडांना लागून. १९७८च्या सुमाराला आसामचे कृषिमंत्री सोनेश्वर बोरा यांनी गावकऱ्यांनीही चहा लावावा म्हणून जोर लावला. कंपन्यांचं हे पीक तेव्हापासून गावोगाव पोचलं.

एका बिघ्याचं गणित

आसामी बिघा म्हणजे एकराचा साधारण तिसरा हिस्सा. त्यात दोनेक हजार झुडपं बसतात. पहिली दोन-तीन वर्षं नुसता खर्च. पण एकदा बाग लागली की पन्नास वर्षंही पानं देते. चांगल्या राखलेल्या बिघ्यातून वर्षाला बाराशे किलो पानं निघाली आणि २० रुपयांनी गेली, तर २४ हजार हातात येतात.

आता खुडणी. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात मळ्यावरची रोजची मजुरी ऑक्टोबर २०२३मध्ये २५० रुपये झाली. तोच दर धरून एका बाईने दिवसाला २५ किलो पानं खुडली, तर किलोमागे दहा रुपये खुडणीतच गेले. निम्मा पैसा तिथेच संपला! म्हणून छोट्या बागेत घरची माणसं खुडायला उतरतात आणि वर्षाअखेरीस चार पैसे उरलेले दिसतात. मला तो नफा म्हणवत नाही. ती घरच्या बायकांची न दिलेली मजुरी आहे.

भाव पडला तरी खुडायचंच

कांद्याचा भाव पडला की शेतकरी विक्री लांबवतो. चहात ती सोय नाही. ‘दोन पानं, एक कळी’ हा माल दर सात-आठ दिवसांनी खुडावा लागतो. थांबलं तर पानं जून होतात आणि कारखाना भाव पाडतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चहा मुळात झुडूप नाहीच, झाड आहे! मोकळं सोडलं तर दहा मीटरच्याही वर जातं. कमरेएवढं दिसतं ते सततच्या खुडणीमुळे आणि छाटणीमुळे. खुडणीचे पैसे निघत नसले, तरी बाग हातात राहावी म्हणून खुडणं सुटत नाही.

संध्याकाळच्या आत

तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वजन घटतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. चहाचं पान त्याहून घाईचं. सकाळी खुडलं की काही तासांत कारखान्यात पोचायला हवं, नाहीतर पिशवीतच तापून लाल पडतं. स्वतःची गाडी नसलेला शेतकरी म्हणून दलालाच्या टेम्पोची वाट बघतो. त्यात पाऊस असला की ओलेपणापोटी वजनातून घट धरतात. परत न्यायची सोय नसलेल्या मालावर घासाघीस ती किती करणार?

६५ : ३५

पानं विकत घेणाऱ्या कारखान्यांसाठी टी बोर्डाने सूत्र ठरवलंय: चहाच्या विक्रीतले ६५ टक्के पानवाल्याला, ३५ टक्के कारखान्याला. ऊसदराच्या भांडणात मुरलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. केनियात तर थेट ‘दुसरा हप्ता’ आहे. तिथले सहा लाखांहून जास्त छोटे चहावाले आपापल्या कारखान्यांचे भागधारक आहेत. दरमहा उचल मिळते आणि वर्षाचा हिशोब झाला की वरची रक्कम ‘बोनस’ म्हणून येते. पोरांची फी, घराचे पत्रे, सगळं त्या बोनसवर!

किलोला ९९,९९९

डिसेंबर २०२१मध्ये गुवाहाटीच्या लिलावात दिब्रुगडच्या एका मळ्याचा खास चहा या भावाने गेला.

थंडीचे कोरडे महिने

डिसेंबर ते फेब्रुवारी आसामातली झुडपं झोपतात. छाटणीचा खर्च चालू, पानांचा पैसा बंद. शहाणा शेतकरी सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवतो. निलगिरीवाले सुखी, त्यांची खुडणी वर्षभर चालते.

बांबूतला चहा

इंग्रजांच्या मळ्यांआधीपासून चहा पिणारे सिंगफो लोक आसाम-अरुणाचलात आजही ‘फालाप’ करतात. पानं कढईत भाजायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत ठासायची आणि चुलीवर धुरात टांगायची. ना दलाल, ना टेम्पो. संध्याकाळपर्यंत न टिकणारं तेच पान त्या नळीत वर्षानुवर्षं टिकतं. प्यायचा असला की सुरीने चकती कापायची आणि उकळत्या पाण्यात टाकायची.