बचनाग : एक नाव, दोन विषे

तंजावरकडील एका पंडिताने कौटिलीय ‘अर्थशास्त्रा’ची ताडपत्री पोथी १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये तिची संहिता व १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. प्रस्तुत लेखाचा विषय या संहितेतील एका लहानशा यादीशी निगडित आहे. दुसऱ्या अधिकरणात, कुप्याध्यक्षाने संग्रह करावयाच्या वनोत्पन्नांत कालकूट, वत्सनाभ, हालाहल इत्यादी विषे गणली आहेत. कालकूट आणि हालाहल ही नावे समुद्रमंथनाच्या कथेमुळे परिचित आहेत. वत्सनाभ मात्र आजही औषधी बाजारात मिळणारे मूळ आहे. भाषांतरकाराची कसोटी येथूनच सुरू होते.

वत्सनाभ म्हणजे हिमालयात उगवणाऱ्या ॲकोनिटम वंशातील, विशेषतः ॲकोनिटम फेरॉक्स या वनस्पतीचे मूळ, असे सामान्यतः मानले जाते. मराठीतील ‘बचनाग’ हे त्याच शब्दाचे रूप. परंतु पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणांवर चढणाऱ्या, ज्वाळेसारख्या फुलांच्या कळलावीलाही (ग्लोरिओसा सुपर्बा) काही ठिकाणी बचनाग म्हणतात. रसशास्त्राने वत्सनाभाची गणना विषांत व लांगलीची, म्हणजे कळलावीची, उपविषांत करून भेद राखला. लोकभाषेत तो पुसट झाला.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन विषे सर्वस्वी भिन्न आहेत. वत्सनाभातील ॲकोनिटिन व त्याच्या जातीची अल्कलॉइडे मज्जातंतू व हृदयस्नायू यांच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात. ओठ व जीभ यांना प्रथम मुंग्या येतात, मग बधिरता. पुढे हृदयाचा ठेका बिघडून काही तासांत मृत्यू संभवतो. शुद्ध ॲकोनिटिनची सुमारे २ मिलिग्रॅम मात्राही घातक ठरू शकते. गोमूत्रात भिजवणे, दुधात उकळणे या शोधनविधींमागे रासायनिक तथ्य आहे : जलविच्छेदनाने ॲकोनिटिनपासून बेंझॉइलॲकोनिनसारखी पुष्कळच सौम्य द्रव्ये बनतात. तरीही शोधन अपुरे राहिल्यास धोका टळत नाही.

कळलावीच्या कंदात व बियांत कोल्चिसिन असते. पेल्तिए व काव्हाँतू यांनी १८२० मध्ये कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतून वेगळे केलेले हे अल्कलॉइड संधिवाताच्या गाऊट या प्रकारावर आजही दिले जाते. ते ट्युब्युलिन या प्रथिनाला बिलगून पेशीविभाजन थांबवते. प्रथम उलट्या व जुलाब होतात; काही दिवसांनी अस्थिमज्जा निकामी होऊ लागते, आणि रोगी वाचलाच तर त्याचे केस गळतात. रताळे समजून कंद शिजवून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी श्रीलंकेत आहेत.

तेव्हा ‘रोग्याने बचनाग खाल्ला’ एवढे ऐकून वैद्याला काहीच कळत नाही : नजर हृदयावर ठेवावी, की दिवसेंदिवस रक्त तपासत राहावे?

नावांचा तौलनिक विचार येथे उपयोगी पडतो. ‘लांगली’ हे नाव कंदाच्या नांगरासारख्या आकाराकडे पाहते, ‘अग्निशिखा’ फुलाकडे. संघकालीन तमिळ कवितेत हेच फूल ‘कांदळ’ म्हणून स्त्रीच्या बोटांचे उपमान होते. मराठी ‘कळलावी’ परिणाम सांगते. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी कंदाचा लेप लावण्याची प्रथा त्या नावात साठली आहे. प्रत्येक भाषेने वनस्पतीचे एकेक अंग टिपले. कोशात ही नावे समानार्थी म्हणून एका ओळीत मांडली की त्यांच्यातील हे ज्ञान नाहीसे होते, आणि ‘बचनाग’सारखा द्व्यर्थी शब्द त्या ओळीत शिरला की अर्थहानीबरोबर प्राणहानीचीही शक्यता निर्माण होते. म्हणून वनस्पतिनामाच्या टीपेत प्रदेश, वनस्पतीचे अंग आणि शास्त्रीय नाव या तिन्हींचा निर्देश असणे हे संपादकाचे किमान कर्तव्य ठरते.