पडद्यावरची शाळा आणि तिचा जमाखर्च

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर ४ ऑक्टोबर १९९० रोजी 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' ही मालिका सुरू झाली, तेव्हा तीतील अँड्रिया झुकरमन या शाळकरी मुलीची भूमिका करणाऱ्या गॅब्रिएल कार्टेरिस यांचे वय एकोणतीस होते. तिचा सहाध्यायी डिलन साकारणारे ल्यूक पेरी चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. पुढे तीस वर्षांनी, २०२० मध्ये, नेटफ्लिक्सवर 'नेव्हर हॅव आय एव्हर' ही मालिका आली. कॅलिफोर्नियातील एका तमिळ कुटुंबातली देवी विश्वकुमार तीत ज्या शाळासोबत्यावर भाळते, त्याची भूमिका करणारे डॅरेन बार्नेटही एकोणतीसच वर्षांचे होते. मधल्या तीन दशकांत कॅमेरे बदलले, वाहिन्या बदलल्या, प्रेक्षकांची एक पिढी उलटली. पडद्यावरच्या शाळेतील मुलाचे वय मात्र तिशीकडेच झुकलेले राहिले.

या विसंगतीवर होणारी टीका बहुधा अभिरुचीच्या किंवा नीतीच्या अंगाने होते. दूरचित्रवाणी कुमारवयाचे भडक चित्र रंगविते, मुलांना बिघडविते, असे म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु हे चित्र असेच का उमटते, याचे उत्तर लेखकांच्या किंवा दिग्दर्शकांच्या मनोवृत्तीत शोधून पुरतेपणी मिळणार नाही. ते निर्मितीच्या जमाखर्चात शोधावे लागते.

कायदा, तास आणि भाग

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार नऊ ते पंधरा वर्षांच्या बालकलाकाराला चित्रीकरणाच्या जागी दिवसाकाठी नऊ तासच थांबविता येते. त्यातील तीन तास शिक्षणाचे, एक विश्रांतीचा आणि कामाचे अवघे पाच. शिवाय त्याला शिकविणारा शिक्षक निर्मात्यानेच ठेवायचा. कायदा योग्यच आहे. त्यामागे बालकलाकारांच्या शोषणाचा दीर्घ इतिहास आहे. पण निर्मात्याच्या दृष्टीने पाहिले, तर पंधरा वर्षांचा नट म्हणजे अर्धाच दिवस मिळणारा नट. '९०२१०' मालिकेचे काही वर्षी ३२ भाग निघत आणि प्रत्येक भाग जाहिराती धरून तासाभराचा असे. एवढे उत्पादन पाच तासांच्या दिवसांत बसविणे कठीण. म्हणून प्रौढ नट घेणे हाच निर्मात्याला सरळ मार्ग वाटतो.

याची उलट बाजूही एका मालिकेने दाखवून दिली. १९९४ मध्ये एबीसी वाहिनीवर 'माय सो-कॉल्ड लाइफ' सुरू झाली, तेव्हा नायिका क्लेअर डेन्स स्वतः पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असल्याने लेखकांना कथेचा भार इतर पात्रांवर वाटून द्यावा लागला; आईवडिलांना, मित्रांना स्वतःची कथानके मिळाली. कायद्याच्या बंधनातून मालिका अधिक खरी झाली. जानेवारी १९९५ मध्ये डेन्स यांना गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले आणि त्याच महिन्यात प्रक्षेपित झालेला एकोणिसावा भाग मालिकेचा शेवटचा ठरला. प्रेक्षकसंख्या जाहिरातदारांना पुरेशी वाटावी इतकी नव्हती.

पडद्यावरून काय गळते

नटांचे वय हा झाला वरवर दिसणारा दोष. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, प्रौढ चेहऱ्यांबरोबर प्रौढांचे स्वातंत्र्यही पडद्यावर येते. या मुलांकडे मोटारी असतात, दिवस मोकळा असतो, कपडे रोज नवे असतात. अभ्यास, परीक्षा, गृहपाठ ही केवळ पार्श्वभूमी ठरते. प्रत्यक्षात कुमारवयाचे मुख्य लक्षण दुर्भिक्ष हे आहे. स्वतःचा पैसा नाही, स्वतःची खोली असेलच असे नाही, वेळेवर हक्क नाही आणि निर्णय दुसऱ्यांच्या हाती. ज्या कार्यक्रमाचे उत्पन्न कपडे, पेये आणि प्रसाधने विकणाऱ्यांकडून येते, त्याला हे दुर्भिक्ष परवडत नाही. ग्राहक म्हणून ज्याला घडवायचे, त्याचा खिसा रिकामा दाखवून कसे चालेल?

'९०२१०' मध्येही या नियमाला एक अपवाद होता आणि तो नेमका अँड्रियाचा. ती त्या श्रीमंत वस्तीत राहत नव्हती; आजीचा पत्ता दाखवून तिने शाळेत प्रवेश मिळविला होता. अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि मुलाने कोणत्या शाळेत जायचे हे सामान्यतः घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे खोटा पत्ता हे तेथील विषमतेचे जिवंत लक्षण आहे. वयाने सर्वांत विसंगत असलेल्या नटीच्या वाट्याला मालिकेतील सर्वांत वास्तव परिस्थिती आली होती!

दुसरा मार्ग

हे सर्व अटळ आहे काय? ब्रिटन आणि कॅनडा यांचा अनुभव तसे सांगत नाही. बीबीसीने फेब्रुवारी १९७८ मध्ये सुरू केलेली 'ग्रेंज हिल' ही फिल रेडमंड यांची मालिका २००८ पर्यंत चालली. लंडनमधील एका कल्पित सर्वसामान्य शाळेची ती कथा. तीत मुलांच्या भूमिका मुलेच करीत. ती मोठी झाली की शाळेतून बाहेर पडत आणि त्यांच्या जागी नवी तुकडी येई. १९८६ मध्ये तीतील झॅमो या लोकप्रिय मुलाला हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखविण्यात आले. टोरांटोत घडणाऱ्या 'डेग्रासी ज्युनिअर हाय' या सीबीसीवरील मालिकेनेही १९८७ पासून व्यावसायिक नटांऐवजी त्या त्या वयाची साधी मुले घेतली. त्यांच्या चेहऱ्यांवर मुरुमे होती, बोलण्यात अडखळणे होते. बीबीसीचा खर्च प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून आणि सीबीसीचा मुख्यतः सरकारी निधीतून भागत असे, हा योगायोग मानता येणार नाही.

अर्थात, जाहिरात गेली की वास्तव आपोआप अवतरते, असाही नियम नाही. 'नेव्हर हॅव आय एव्हर' ज्या नेटफ्लिक्सने काढली, त्याच कंपनीने मार्च २०२५ मध्ये 'ॲडोलसन्स' ही ब्रिटिश मालिका दाखविली. तेरा वर्षांच्या आरोपी मुलाची भूमिका करणारा ओवेन कूपर स्वतः जवळजवळ त्याच वयाचा होता. भाग अवघे चार. त्यांतील दुसऱ्या भागातली शाळा, तिथला गोंगाट, थकलेले शिक्षक आणि मोठ्यांना न कळणारी मुलांची समाजमाध्यमांवरील भाषा यांनी ब्रिटिश पालक हादरले. पंतप्रधानांनी तिची दखल घेतली आणि तेथील माध्यमिक शाळांना ती विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. कमी भाग, योग्य वय आणि ओळखीची शाळा एवढ्या भांडवलावर एक मालिका राष्ट्रीय चर्चेचा विषय झाली. वास्तव चित्रणाचे खरे मोल हेच. जे पडद्यावर येते त्याचा सार्वजनिक प्रश्न होतो; जे येत नाही ते प्रत्येक घराचे खासगी दुःख राहते.

महाराष्ट्राचा विद्यार्थी कोठे आहे?

महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पंधरा-सोळा लाख मुले दहावीच्या परीक्षेला बसतात. पहाटेची शिकवणी, एस.टी.चा पास, शाखेच्या निवडीवरून घरात होणारा वाद, वसतिगृहाचे पैसे, मुलीच्या शिक्षणाआधी येणारा तिच्या लग्नाचा विषय, या सर्वांत कथा नाही असे कोण म्हणेल? तरीही मराठी दैनंदिन मालिकांत विद्यार्थी म्हणून जगणारे मूल क्वचितच आढळते. कारण पुन्हा जमाखर्चाचेच. भारतातही २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांवर आणले आहे आणि त्याच्या मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक केले आहे. आठवड्याला पाच-सहा भाग पुरविणाऱ्या कारखान्याला ही गती मानवत नाही.

हिंदीत २०१९ मध्ये 'कोटा फॅक्टरी'ने पाच भागांत शिकवणी वर्गांच्या नगरीतील भाड्याची खोली, खानावळ आणि तुकड्यांची उतरंड कृष्णधवल चित्रणातून प्रामाणिकपणे दाखविली. पण तिच्या पहिल्या पर्वाची प्रायोजक अनअकॅडमी ही ऑनलाइन शिकवणी कंपनीच होती. स्पर्धेची झळ त्या मालिकेत दिसते. मात्र तीवरचा उपाय म्हणून अधिक चांगला शिक्षकच पुढे येतो. एवढ्या जागांसाठी एवढी मुले का झगडतात, हा प्रश्न जवळजवळ अस्पर्शित राहतो. पैसा पुरविणाऱ्याच्या व्यवसायाला हात न लावता जेवढे वास्तव दाखविता येते, तेवढेच दिसले.

म्हणून अपेक्षा करायची तर ती ज्याचा खर्च जनतेच्या पैशातून चालतो त्याच्याकडून करावयास हवी. सह्याद्री वाहिनीने वर्षाकाठी सहा-आठ भागांची एकच मालिका काढावी. जिल्हा परिषदेच्या शाळेतील, नगरपालिकेच्या शाळेतील खरीखुरी मुले घ्यावीत. चित्रीकरण सुटीत आणि कायद्याने घातलेल्या तासांच्या मर्यादेत करावे. खर्च फार येणार नाही, कारण अशा शाळेचे नेपथ्य आयते उपलब्ध आहे. आज नंदुरबारची किंवा सावंतवाडीची मुलगी हातातल्या फोनवर कॅलिफोर्नियातील शाळेचे दालन ओळखते आणि स्वतःच्या वर्गाकडे पाहून त्यात सांगण्याजोगे काही नाही अशी समजूत करून घेते. ही समजूत खोटी आहे, हे तिला कोणीतरी दाखवून द्यावयास हवे.