ठिणगीच्या मागावर

आमच्या उमरठकडे पावसाळा आला की लाइट गेलीच म्हणून समजायचं. त्यामुळे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला चोवीस तास वीज कशी पुरवतात, एवढंच विचारायला मी गेलो होतो. वीज पुरवणं हे निम्मंच काम आहे, हे तिथे कळलं.

नारायणगावजवळची ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारली. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. 14 खोडदला एकत्र, बाकीच्या 16 तीन दिशांना, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येकीच्या मोटारींना वीज हवी. वादळी वारा सुटला की डिशचं तोंड आकाशाकडे करून ती जखडावी लागते, आणि लाइट जायची नेमकी तीच वेळ. म्हणून राखीव वीज हाताशी ठेवावीच लागते.

पण मी गुंतलो तो एका ठिणगीत. गावच्या 11 केव्ही लाइनवर कुठेतरी तारेचं बाइंडिंग सैल होतं, चिनी मातीचा इन्सुलेटर तडकतो. त्या बारीक फटीत दाब चढला की ठिणगी उडते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, दर आवर्तनात दाब दोनदा शिगेला जातो. म्हणजे सेकंदाला शंभरदा ठिणग्यांचा झुबका. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात रेडिओ लहरी काढल्या त्या ठिणगीतूनच. इथे तीच ठिणगी दूरच्या आकाशगंगेचा क्षीण संदेश बुडवते. आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट, हा त्रास कोरड्या हवेत जास्त; पावसाने फट ओली झाली की ठिणगी बऱ्याचदा थांबते.

मग शोध सुरू होतो. हातातला अँटेना फिरवत, खरखर वाढेल तिकडे सरकत नेमका खांब गाठायचा. पुढचं काम वायरमनचं: लाइन बंद करून वर चढायचं, इन्सुलेटर बदलायचा, जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, आवळायचा. खगोलशास्त्राच्या कुठल्याही शोधनिबंधावर या माणसाचं नाव येत नाही, आणि ते मला खटकतं.

काळजी पुढची आहे. जुन्नर तालुक्यात बागायत वाढते आहे, रात्री शेतात बिबट्याची भीती म्हणून शेतकरी दिवसा वीज मागतो, आणि त्याची मागणी रास्तच आहे. नव्या लाइन, एलईडी दिवे, सौरपंपांचे इन्व्हर्टर, सगळ्यांतून थोडा थोडा गोंगाट निघू शकतो. दुर्बिणीच्या नव्या यंत्रणेत ठिणगीने नासलेले क्षण गाळणारा फिल्टर आहे. पण गाळलेल्या क्षणांतलं आकाशही त्यांच्यासोबत जातं. त्यामुळे खांबावरची दुरुस्ती टळत नाही. या परिसराला पुरेसे वायरमन आणि वेळेवर सामान मिळायलाच हवं. जंपर सैल असेल तर शेतकऱ्याचा पंपही बंद पडू शकतो.