दिव्यातील कारागीर आणि नकाशावरील शोध

मुंब्रा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानच्या दिवा या ठाणे महापालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीत प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि एसी दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ असले, तरी मोबाइलवर शोध घेणाऱ्या ग्राहकाला त्यांतील मोजकेच दिसतात. गुगल हा क्रम मुख्यतः 3 घटकांवर ठरवते: नोंदीतील माहिती शोधाशी किती जुळते ती प्रस्तुतता, ग्राहकापासूनचे अंतर आणि अभिप्राय, गुणांकन व इतरत्र झालेले उल्लेख यांतून तयार होणारी ख्याती. यांपैकी अंतर कारागिराच्या हाती नसते; उरलेल्या दोन बाबींवर मात्र कष्ट घेता येतात.

त्यासाठी ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’, म्हणजे 2021 पर्यंत ‘गुगल माय बिझनेस’ या नावाने ओळखली जाणारी मोफत नोंद, आधी पडताळून घ्यावी लागते. दुकान नसलेल्या कारागिराने घरचा पत्ता लपवून सेवाक्षेत्र, म्हणजे तो जेथे जाऊन काम करतो ते भाग, नोंदवावेत. अशी 20 पर्यंत क्षेत्रे देता येतात. ऐरोलीजवळही दिवा नावाचे गाव असल्याने नुसते ‘दिवा’ लिहिणे अपुरे ठरते, म्हणून वर्णनात दिवा पूर्व, साबे, दातिवली, आगासन असे स्पष्ट उल्लेख असलेले बरे. मात्र व्यवसायाच्या नावातच अशी गावे कोंबणे नियमबाह्य असून त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. विकतचे अभिप्रायही निषिद्धच आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांमुळे प्रामाणिक कारागीर मागे ढकलला जातो. म्हणून काम मनासारखे झाले असेल, तर ग्राहकांनी दोन ओळींचा खरा अभिप्राय अवश्य लिहावा.